खूण पुसली कोणी?

"सर, खरं सांगा, तुम्ही परत पुसलीत ना?"

ताईंनी काचपट्टी नाकासमोर धरली होती. एवढ्याशा पट्टीवर शेकडो ठिपके, प्रत्येक ठिपका वेगळ्या जातीच्या प्लास्टिकचा. प्रयोगशाळेतलं यंत्र एकेकावर पाण्याचा थेंब टाकी आणि चहा निवायच्या आत सगळ्यांची कुंडली मांडून मोकळं होई. हवा होता एकच ठिपका, ज्याला काही म्हणता काही चिकटत नाही. त्याची नळी पेशंटच्या अंगात घातली, तर जंतूसुद्धा घसरून पडले पाहिजेत. आज मोठ्या बाई येणार होत्या. ठिपका दाखवा, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप!

आणि इथे काल पास झालेला ठिपका आज नापास, कालचा ढ आज पहिला!

"अहो, पट्टी उलटी लागतेय," ताई करवादल्या. "उलटसुलट कळावं म्हणून तर कोपऱ्यातला एक ठिपका न तपासता सोडून देते आणि त्यावर पेनाने काळी खूण करते. तीच गायब!"

"मग माझ्याकडे काय बघताय?"

बघणारच की. सरांना पुसायचा भारी नाद. टेबल पुसत, कडी पुसत, एकदा तर बोलता बोलता समोरच्याच्या नाकावरचा चष्मा काढून पुसला होता. पाठीमागे सगळे त्यांना फडकंसर म्हणत.

"आईशप्पथ, हात नाही लावला!"

"चोराच्या उलट्या बोंबा! बसा हातांवर."

सर बिचारे तळहात मांडीखाली घालून बसले. ताईंनी नवी ठळक खूण केली आणि बिळापुढे मांजर बसावं तशा पट्टीपुढे ठाण मांडलं.

तेवढ्यात मोठ्या बाई दारात.

"हे काय? यांना शिक्षा केलीय?"

"खूण पुसतात हो!"

"ते राहू दे. ठिपका कुठाय?"

"तेच तर कळेना झालंय, बाई," ताई रडकुंडीला आल्या.

मोठ्या बाई पट्टीवर वाकल्या. काही कळेना, म्हणून त्यांनी मोठ्ठा उसासा टाकला. त्यासरशी ती वाळलेली खूण पापुद्र्यासारखी सुटली, उडाली आणि थेट त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर बसली.

खालचा ठिपका लख्ख कोरा!

ताईंनी त्यावर पाण्याचा थेंब सोडला, तो टुणकन घरंगळला. शाई सोडली, तीही घरंगळली.

"अगंबाई! याला काहीच चिकटत नाही! आणि मी खुळी, रोज खुणेसाठी यालाच बाजूला ठेवत होते."

"मग हाच धरा," मोठ्या बाई म्हणाल्या. "कुलूप राहू दे."

सर खाकरले.

"ताई, आता हात काढू का? बाईंचं नाक पुसायचंय."