साळिंदराच्या खेळाला मिळालेला शिक्का

मुलांनो, वाया गेलेला वेळ जातो कुठे? लहानपणी मी हे सगळ्यांना विचारलं. गुरुजींनी बाकावर उभं केलं. आईने दळण आणायला पिटाळलं. दादा म्हणाला, बघून सांगतो. त्याचं ते बघून व्हायचंच राहिलं.

असो. गोष्ट ऐका.

एका जंगलात सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून सांगण्यासारखं काही नव्हतं. मग जंगलात नाद शिरले. माकड रंगीत ठोकळा फिरवून रंग जुळवायला बसलं. जुळले की पुन्हा विसकटायचं. कोल्हा वाघाचा पोशाख शिवून मेळाव्यांना जायला लागला. अस्वलाला जपानी कार्टूनचं वेड लागलं. सातशे भाग झाले तरी नायकाची आणि खलनायकाची भेट झाली नव्हती. अस्वल म्हणायचं, खरी मजा पुढेच आहे.

त्याच जंगलात दोन साळिंदरं राहायची. सख्खे भाऊ. थोरला खेमा. धाकट्याला सगळे बारक्या म्हणत.

खेमाने एक खेळ बनवला होता. सपाट खडकावर गेरूने जंगल आखलं होतं. जंगलातल्या प्रत्येकाची बोटभर उंचीची लाकडी बाहुली कोरली होती आणि स्वतःच्या गळलेल्या काट्याने रंगवली होती. दान टाकायला फोडलेले चिंचोके. नियम लिहायला वडाची चाळीस पानं लागली. तुम्ही त्यातले दोनच लक्षात ठेवा. पहिला, कोणी स्वतःची बाहुली घ्यायची नाही, दुसऱ्या कोणाचं तरी व्हायचं. दुसरा, खेळाडू मध्येच उठून गेला तर त्याची बाहुली काढायची नाही. त्याचं दान दुसऱ्याने टाकायचं.

एक डाव संपायला चार जण आणि अख्खा दिवस लागणार होता. एवढा वेळ कोणाकडे नव्हता. त्यामुळे डाव कधीच पुरा झाला नव्हता.

बारक्याचं वेगळंच होतं. तो दिसेल त्यात उडी मारायचा. माकडाचा ठोकळा घेतला आणि दुसऱ्या दिवशी दगडाने फोडला. कोल्ह्याबरोबर मोर बनून मेळाव्याला गेला. काट्यांत अडकलेली पिसं आठवडाभर निघाली नाहीत. शाळेतूनही असाच, तिसरीत असताना खिडकीतून उडी मारली ती मारलीच. खेमा म्हणायचा, जरा विचार करून वागत जा रे.

त्या वर्षी खेमाचे काटे गळायला लागले. आधी पाठीचे, मग मानेचे. खारवैद्यबाईंनी तपासलं. बारक्याला बाजूला घेऊन सांगितलं की पानगळीपर्यंत. खेमाला न सांगताच कळलं होतं.

"रंगवायला ब्रशांची चंगळ झाली बघ," तो म्हणाला. "बारक्या, एक डाव पुरा खेळू या का?"

आणि बारक्याने आयुष्यात पहिल्यांदाच विचार केला. दादाचे थोडे दिवस राहिले आहेत. ते भलत्याच गोष्टीत जायला नकोत. आधी नीट चौकशी करू.

चौकशीसाठी जंगलात छंद तपासणी समिती होती. बगळा अध्यक्ष, कारण त्याला एका पायावर थांबायची सवय. कासव आणि रेडा सदस्य. आपला नाद घेऊन जायचं, त्याचा उपयोग सांगायचा आणि पानावर शिक्का घ्यायचा. एक शिक्का 'वेळ देण्यालायक', दुसरा 'वेळखाऊ'.

कोल्हा पोशाख घालून आत गेला. वाघ आला असं वाटून समिती उठून उभी राहिली आणि काही न विचारता शिक्का देऊन मोकळी झाली. माकड म्हणालं, हातात ठोकळा असला की मी कोणाची शेपटी ओढत नाही. रेड्याने आपली शेपटी सावरून लगेच शिक्का मारला.

मग अस्वल गेलं. बगळा म्हणाला, शेवट पाहिल्याशिवाय मत देणं योग्य होणार नाही. समिती पहिल्या भागापासून बघायला बसली.

बारक्याचा नंबर अस्वलाच्या मागे होता.

तो रोज सकाळी जाऊन विचारायचा. रोज बगळा मान न वळवता सांगायचा की आत्ता कुठे नायकाच्या गुरूचा गुरू आलाय. रेडा डोळे पुसत असायचा. कासव म्हणायचं, जरा हळू चालवा, पुढचं समजत नाही.

घरी खेमा विचारायचा, "लागला निकाल?"

"उद्या लागेल," बारक्या म्हणायचा. "तोवर पडून राहा दादा. उगाच वेळ घालवू नकोस."

खेमा हसायचा आणि शेवटची बाहुली रंगवायला घ्यायचा.

पानं गळाली. एका सकाळी खेमा उठला नाही.

दहाव्या दिवशी समितीचं पान आलं. खाली ठसठशीत शिक्का. 'खेळ तपासला. वेळ देण्यालायक. भावाभावांनी मिळून खेळल्यास विशेष लाभ.'

बारक्या तसाच धावत समितीकडे गेला. बगळ्याच्या टेकलेल्या पायात आठ काटे रुतले. बगळ्याने पाय बदलला. सातशे अठरावा भाग चालू होता; खेळाच्या पानावर शिक्का त्यांनी तो बघता बघताच मारला होता.

बारक्या परत आला तेव्हा अस्वल आणि माकड खडकापाशी येऊन बसली होती. कोणी बोलावलं नव्हतं. खेमाने बाहुल्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. बारक्याच्या जागेवर थोरलं साळिंदर होतं, पोक काढून बसलेलं. खेमाच्या जागेवर त्याने शेवटी रंगवलेली बाहुली होती. धाकटं साळिंदर. चारही पाय हवेत, उडी मारताना.

अस्वलाने बराच वेळ नाक खाजवलं. मग विचारलं, "खेमाचं दान कोण टाकणार?"

"मी," बारक्या म्हणाला. "नियमच आहे तसा."

तात्पर्य : मुलांनो, कुठल्याही नादाला वेळ देण्याआधी तो त्या लायकीचा आहे का, याची नीट चौकशी करावी. घाई करू नये. मी केली नाही. माझ्याकडे शिक्क्याचं पान आहे. ते मी खडकावर अंथरलं, म्हणजे चिंचोके घरंगळणार नाहीत, आणि दादाचं दान टाकलं.