माणूस उठला, गेला नाही

आमच्या अमरावतीच्या ऑफिसात चहा झाला, की उठून गेलेल्या माणसाचा अर्धा कप रफिकभाई कोणाला उचलू देत नसत. "थांब ना बाप्पा! मानूस उठला, गेला नाई."

आणि नेमका हाच माणूस आमच्या वेबसाइटच्या साफसफाईवर नेमलेला! कपाशी बुडाल्याच्या मदतीचे अर्ज त्या साइटवर भरले जात. कोणी आत शिरलं, की सर्व्हर त्याची ओळख आणि अर्धवट अर्ज सांभाळून ठेवतो. त्याला म्हणायचं सेशन. माणूस वीस मिनिटं गप्प राहिला, की सेशन पुसायचं, नाहीतर सर्व्हर तुंबतो. जगभर हाच रिवाज. रफिकभाईंनी मात्र कॉम्प्युटरशेजारी भारनियमनाचा तक्ता चिकटवला होता. अर्ज कुठल्या गावातून भरला जातोय ते बघायचं, तक्ता बघायचा. परतवाड्याची वीज चारला येणार असेल, तर परतवाड्याची सेशनं साडेचारपर्यंत सुखरूप. साहेब ओरडले, की यांचं उत्तर ठरलेलं, "मानूस नाई गेला साहेब, लाइन गेली."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सर्व्हर तुंबलाच. साहेब तणतणत आले. "सगळी सेशनं पुसा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

रफिकभाईंनी मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. बार्शीटाकळीच्या कॅफेतून एका बाईने भरलेला अर्ज, सातबाऱ्याच्या रकान्यापाशी अडकलेला. "खेड्यावरची हाय. लाइन साडेपाचले येते, मंग तिची शेवटची एसटी. आता पुसलं तं पुन्हा कवा भरन ते?"

त्यांनी दाढी खाजवली आणि जागा केली. सेशनं तशीच ठेवून सर्व्हरवरचे साहेबांच्या सत्काराचे फोटो पुसले, हारासकट सगळे. साइट धावायला लागली. साहेब खूश होऊन घरी गेले; बिचाऱ्यांना अजून काही कळलं नव्हतं.

साडेपाच वाजून गेले आणि अर्ज हलला.

"आली! बाई आली!" पन्नाशीचा माणूस खुर्चीतून उडालाच. अर्ज जमा झाला, तेव्हा ते सेशन त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं. "जाय माय, झालं तुयं काम."

मला इतका आनंद झाला, की मी त्यांची पिशवीच उचलली. "चला रफिकभाई, आता घरी."

"कावून? तिथं कोन येऊन राह्यलं?"

घरी ते एकटेच; भाभींना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांनी हळूच माझ्या हातातून पिशवी घेतली, खुर्ची पुन्हा तक्त्याकडे ओढली.

"तू जाय भाऊ. मोर्शीची लाइन सातले येते."