लावण्याबाईंनी मोकळी जागा सर केली, ते वर्तमान

श्रीबृहदीश्वराचे छायेत तंजावर शहरी मोकळ्या जागेखातर जो थोर संग्राम जाहला, त्याची हकीकत पुढील पिढ्यांस ठाऊक असावी, सबब येथे साद्यंत नमूद केली असे.

राजवाड्यानजीकचे गल्लीत मराठी मंडळींचे जुने सभागृह. त्याचे किल्लेदार हनुमंतराव सेक्रेटरी, सरकारी चाकरीतून निवृत्त; रिकामा कोपरा दिसला की त्यांचा जीव कासावीस होई. त्यांची पुतणी लावण्याबाई बडोद्याहून कलाविद्या संपादून आली आणि अर्ज गुजारती जाहली, की सभागृही एकच कोरे पांढरे सुती कापड आढ्यापासून जमिनीपावेतो सोडावे, भोवती काडी असू नये. कापड आणि भोवतालचे रितेपण मिळोन प्रदर्शन. काकांनी तात्काळ रुकार दिला, कारण अर्ज ऐकूनच घेतला नव्हता.

मग कापड चढले आणि आपले गावी, आपले माणसांत पहिलेच प्रदर्शन, म्हणोन बाईंचे चित्त हरखले. प्रदर्शनाचे दिवशी सकाळी दार उघडतात तो प्लास्टिकच्या खुर्च्यांची अफाट फौज रांगा धरून उभी, आणि कापडास झेंडूची झालर, आणि वरोन रंगीत दिव्यांची माळ लुकलुकते आहे.

काका छाती फुगवून म्हणाले, "ऐयो, ओकंबोकं दिसत होतं गे! पाहुणे बसतील कुठं?"

बाईंचे डोळ्यांस पाणी आले आणि मग त्याच पाण्याचा अंगार जाहला. झालर उतरविली, दिवे कैद केले, आणि खुर्च्या एकेक ओढून शेजारी काकांचेच घरी रवाना केल्या. काकू नागलक्ष्मीबाई आतून फितूर होत्या. त्यांनी दार सताड उघडले आणि वाफाळत्या फिल्टर-कापीची रसद अखंड चालू ठेविली. काकांची मर्जी खप्पा जाहली. तेव्हा बाईंनी अखेरची खुर्ची कापडासमोर मांडिली आणि हुकूम केला, की काकांनी येथे बसावे, बोलू नये, काही दुरुस्त करू नये.

काका बसले. हात शिवशिवत होते. मग चौकातून वारा आला आणि कापड पोटभर फुगले आणि हळूच एका बाजूस सरले, आणि त्याचे मागील खांब दिसू लागले. याच खांबांमध्ये त्यांचे लग्न लागले होते. खुर्च्यांचे ढिगामुळे कैक वर्षे नजरेस पडले नव्हते.

"केवढी जागा गे ही," काका पुटपुटले आणि नाक पुसू लागले.

सायंकाळी रयत लोटली. उद्घाटनास आलेले एक देहाने विशाल अंमलदार घाम पुसत खुर्ची मागते जाहले. बाईंस वाटले, काका आता फौज परत बोलावतील. परंतु काकांनी होती ती खुर्चीही स्वहस्ते उचलून बाहेर नेली आणि फर्माविले, की येथे उभे राहोन पाहावे. खुर्ची ठेविल्यास जागा मोडते. खासे अंमलदार उभे राहिले. वारा आला तेव्हा घामही विसरले.

काकूंचे घर मात्र पडले. पलंगापासून चुलीपावेतो खुर्च्यांनी काबीज केले आणि काकूंस देवघरी जाणे ते खुर्च्यांवर चढून जाणे जाहले.

ऐसी लावण्याबाईंची फत्ते जाहली. लूट म्हणोन हाती काही लागले नाही. आणि मोहीम त्याचसाठी होती. इति नोंद असे.