आक्काताईंनी भरलेला शेरा

गेल्या दोन वर्षांपासून कोंढवलीत नवा टीव्ही घरात बसवला की तो आधी कुटुंबप्रमुखाची तोंडी परीक्षा घेतो, आणि प्रमुख नापास झाला तर चित्र दाखवतो, पण आवाज देत नाही.

मी नगरपालिकेच्या टीव्ही-परीक्षा कक्षात लिपिक आहे. परीक्षेच्या वेळी हजर राहायचं, गुण लिहायचे आणि कागदावर शिक्का मारायचा, हे माझं काम. प्रश्न बेचाळीस शब्दांच्या पुस्तिकेतले असतात. टीव्ही त्यातले दहा विचारतो, सहा बरोबर आले की पास. नापास झालेल्याला पुन्हा बसायला तीस दिवस थांबावं लागतं.

हिंदुराव सूर्यवंशींच्या घरी मी एका मंगळवारी गेलो. हिंदुरावांनी चाळीस वर्षं कुस्तीच्या मैदानांत माइकवर निवेदन केलं होतं. सहा वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने त्यांचे दोन्ही डोळे गेले, आणि तेव्हापासून ते टीव्ही ऐकत होते. जुना संच बिघडला म्हणून जावयाने पुण्याहून नवा पाठवला होता. तो भिंतीवर चढला, त्याचा दिवा लागला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला. रिझोल्यूशन म्हणजे काय?

हिंदुराव म्हणाले, ठराव. टीव्हीने चूक दिली.

कॉन्ट्रास्ट रेशो विचारल्यावर ते जरा थांबले. काळ्यापांढऱ्यातला फरक, म्हणाले, आता तो आपल्याला दिसत नाही, पण दिसत होता तेव्हा चांगला होता. टीव्हीने तीही चूक दिली. 'पडद्यावरील सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांच्या प्रकाशाचे गुणोत्तर' असं त्याला हवं होतं.

आवाजाचे प्रश्न आले तेव्हा म्हातारा सरसावून बसला. सराउंड साउंडबद्दल तो पाच मिनिटं बोलला. मैदानाच्या चारी कोपऱ्यांत भोंगे बांधलेले असतात, लांबच्या भोंग्यातून आपलाच शब्द उशिरा परत येतो, तो आला की मगच पुढचा शब्द सोडायचा, नाहीतर लोकांच्या कानात नुसता काला होतो, हे सगळं त्याने सांगितलं. टीव्हीने ऐकून घेतलं आणि अर्धा गुण दिला. एकूण दोन. मी नापासाचा शिक्का मारला. पडद्यावर बातम्या सुरू झाल्या, आणि बाई नुसतीच तोंड हलवू लागली.

"लागला का?" हिंदुरावांनी विचारलं. त्यांच्या बायको, आक्काताई, शेजारी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या कक्षात आल्या. त्यांची नात केतकी राज्य स्पर्धेत सत्तावन्न किलोत खेळणार होती आणि पुढच्या रविवारी तिची कुस्ती टीव्हीवर दाखवणार होते. आजोबांनीच तिला तालमीत घातलं होतं. रविवार अकरा दिवसांवर होता आणि फेरपरीक्षा एकोणतीस दिवसांवर. कक्षाचे प्रमुख वडनेरे साहेब यांनी अर्ज वाचला आणि चित्र चालू आहे ना, असं विचारलं. आक्काताई म्हणाल्या, चालू आहे. मग तक्रार कसली, असं साहेबांनी विचारलं. त्यांना दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्यात न दिसण्याचा रकाना नव्हता.

साहेब तसे मनाने वाईट नाहीत. त्यांनी संध्याकाळपर्यंत बसून दृष्टिहीन सवलतीचा नियम शोधून काढला आणि स्वतः आदेश लिहिला. अर्जदारास चित्राचा उपयोग नसल्याने चित्र बंद करण्यात येत आहे. गुरुवारी सकाळी सूर्यवंशींचा पडदा काळा झाला. आवाज नापासामुळे बंद होताच.

अकरा वाजता आक्काताई परत आल्या. त्यांनी आदेश टेबलावर ठेवला आणि त्यावर हात आपटला. पेनांचा डबा खाली पडला.

"मी आवाज मागाय आलते. तुम्ही अंधार दिला," त्या म्हणाल्या. "आता ह्यो कागद माघारी घ्या, न्हाईतर मी हितंच बसती."

साहेबांनी समजावलं की दिलेली सवलत परत घेता येत नाही. त्या बसल्या. जेवणाच्या सुट्टीतही बसून राहिल्या. लोक वळून बघत होते. मी त्यांची फाइल लावायला घेतली, तेव्हा रेशनकार्डाच्या प्रतीवर माझी नजर गेली. कुटुंबप्रमुख म्हणून त्यावर नाव होतं, आक्काताई हिंदुराव सूर्यवंशी. नव्या कार्डांवर घरातल्या मोठ्या बाईचंच नाव असतं. म्हणजे आम्ही परीक्षा भलत्याच माणसाची घेतली होती.

साहेबांनी चूक मान्य केली. हिंदुरावांची परीक्षा रद्द झाली आणि आक्काताईंना रविवारी दुपारी तीनची वेळ मिळाली. कुस्त्या चार वाजता होत्या. चित्राचा आदेश मात्र तसाच राहिला.

आक्काताई सातवी शिकलेल्या. भाकरी थापता थापता त्यांनी पुस्तिका पाठ केली. त्या मोठ्याने वाचत आणि चुलीपाशी बसलेले हिंदुराव गाळलेला शब्द सांगत. मी एकदा नोटीस द्यायला गेलो तेव्हा दोघांचं रिफ्रेश रेटवरून भांडण चाललं होतं. "हे कशाला लागतंय माणसाला?" असं म्हणून त्यांनी परात ढकलून दिली. मग पीठ गोळा केलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागल्या.

रविवारी त्या काळ्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. दहाच्या दहा उत्तरं त्यांनी शिव्या द्याव्यात तशी दिली. एक काना इकडचा तिकडे झाला नाही. टीव्ही म्हणाला, उत्तीर्ण.

"आता तू सांग," त्या म्हणाल्या, "मी काय बोलले त्याचा अर्थ काय?"

"अर्थ अभ्यासक्रमात नाही," टीव्ही म्हणाला, आणि आवाज सुरू झाला.

केतकीची कुस्ती सहा मिनिटं चालली. हिंदुराव मान खाली घालून ऐकत होते. पंचाची शिट्टी झाली तेव्हा त्यांच्या हाताची मूठ आवळली, मग सुटली. गुणांवर हरली, पण पाठ लागू दिली नाही, असं ते म्हणाले, आणि डोळे पुसले. आक्काताईंना काहीच दिसलं नव्हतं. मी निकालपत्र पुढे केलं आणि शेवटचा रकाना दाखवला. परीक्षार्थीचा शेरा. तिथे सगळे 'समाधानी' लिहितात.

"भाऊसाहेब, लिवा," त्या म्हणाल्या. "परीक्षार्थीला राग आलाय."

मी लिहिलं. सोमवारी साहेबांनी कागद परत पाठवला. राग हा शब्द पुस्तिकेत नसल्याने त्याची व्याख्या जोडावी, असं त्यावर होतं. मी पुन्हा गेलो. आक्काताई दारात मिरच्या निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता व्याख्या सांगितली आणि मी ती जशीच्या तशी उतरून घेतली. "आपलं खरं असताना आपल्यालाच अर्ज करावा लागतो, तवा जे हुतं ते."

कागद वर गेला. दोन महिन्यांनी नवी पुस्तिका छापून आली, तिच्यात त्रेचाळीस शब्द होते. आता प्रत्येक संच शेवटचा प्रश्न तोच विचारतो, राग म्हणजे काय? त्या प्रश्नाला लोक पुस्तिकेतलं उत्तर देत नाहीत, आपापलं देतात. काहींना अर्धा तास लागतो. टीव्ही मध्ये बोलत नाही, आणि त्या प्रश्नात कोंढवलीत अजून कोणी नापास झालेलं नाही.