बाहेरच्या खोलीतलं हसू

सोमवारी सकाळी डॉक्टर एका गृहस्थांच्या दाढेत सिमेंट भरता भरता मगरीचा विनोद सांगत होते. मगर नुकतीच नदीतून बाहेर आली होती आणि आजोबांची हरवलेली कवळी अजून सापडायची होती, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत हशा पिकला. साधासुधा नव्हे, चांगला बाकडं हलवणारा. डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला. विनोद आत चालला होता, हशा बाहेर झाला होता, आणि मधलं दार तर बंद होतं.

डॉक्टर दातांचे असले तरी त्यांची खरी ख्याती विनोदाची होती. निदान त्यांचा तसा समज होता, आणि तो चुकीचा ठरवायची सोय कोणाला नव्हती. खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात दोन बोटं, एक आरसा आणि थुंकी ओढणारी नळी असताना त्याने 'हा ऐकलाय' असं म्हणायचं तरी कसं? शिवाय सांगणाऱ्याच्या हातात ड्रिल. त्यामुळे प्रत्येक पेशंट घशातून 'हं हं हं' असा आवाज काढायचा आणि डॉक्टर ती दाद समजून पुढच्या दाढेकडे वळायचे.

विनोद हा पुरुषांचा प्रांत आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. "आमच्या घराण्यात विनोद बापाकडून मुलाकडे येतो," असं ते अभिमानाने सांगत. टक्कलही त्याच वाटेने आलं होतं, पण ते सांगत नसत. बायकांना विनोद सांगता येत नाही, त्या शेवट आधीच सांगून टाकतात, असं त्यांचं म्हणणं. बायकांनी हसावं, आणि वेळेवर हसावं. त्यांच्या बायकोला हे उत्तम साधलं होतं. मगर नदीतून बाहेर आली की भाजी चिरता चिरता, मान वर न करता, ती नेमक्या जागी हसायची.

आणि आता तीच बाहेरच्या खोलीत बसली होती. नंबर लावून घेणारी मुलगी दुसरी नोकरी मिळाल्यामुळे सोडून गेली होती. नवी मिळेपर्यंत बायकोने बसायचं असं ठरलं होतं.

डॉक्टरांनी दार किलकिलं करून पाहिलं. एक आजोबा डोळे पुसत होते. बायको टेबलामागे सरळ चेहऱ्याने बसली होती, बँकेत बसतात तशी.

"काय चाललंय?"

"काही नाही. आजोबांनी विचारलं, दात काढताना दुखतं का. मी म्हटलं, डॉक्टरांना नाही दुखत. आजवर इतके दात काढले, एकदाही ओरडले नाहीत."

बाकड्यावर पुन्हा हशा. डॉक्टरांनी दार लावून घेतलं. आत आल्यावर मगरीचं कुठवर आलं होतं तेच त्यांना आठवेना. पोटात मात्र कसंसंच व्हायला लागलं होतं. दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून पोटात दुखतं ते हेच, हे ओळखायला दातांचं शिक्षण पुरेसं नव्हतं.

त्यातच दुपारी अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे दंतवैद्यांच्या संघटनेचे. वाकडे दात सरळ करण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे बोलणंही सरळच असे.

"शनिवारी आपलं संमेलन आहे. सूत्रसंचालन नेहमीसारखं तुमच्याकडेच. पण खरं सांगू का, गेल्या वर्षी जरा तेच तेच वाटलं लोकांना. काहींचं म्हणणं आहे, एखाद्या नव्या मुलाला माइक द्यावा."

"यंदा बघाच तुम्ही!" डॉक्टर म्हणाले.

"बघतोच. यंदा रंगलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून तुम्ही खाली बसायचं. आम्हीही खालीच बसतो, काही वाईट नसतं."

डॉक्टरांना घाम फुटला. वर्षभर दातांत डोकं घालून बसणाऱ्या माणसाला ती एक संध्याकाळ मिळायची. त्या माइकसाठीच ते जगत होते म्हटलं तरी चालेल. तो हातातून गेला, तर त्यांच्याकडे नुसते दात उरणार होते.

मंगळवारी त्यांनी एक डाव टाकला. मधलं दार उघडंच ठेवलं, म्हणजे आतला विनोद बाहेर जाईल. विनोद बाहेर गेला की नाही कोण जाणे, बाहेरचं मात्र सगळं आत यायला लागलं. खुर्चीतल्या वकीलसाहेबांनी हात वर केला.

"दुखलं का?"

"नाही. मशीन जरा बंद करा. ऐकू येत नाही."

डॉक्टर सुखावले. "कुठपासून सांगू? मगर नदीतून—"

"तुमचं नव्हे हो, बाहेरचं!"

डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. बुधवारी त्यांनी दार घट्ट लावलं, तर नवीनच पंचाईत. पेशंट आत यायला तयार होईनात. "तुम्ही व्हा पुढे," "छे छे, आधी तुम्ही," असा आग्रह बाहेर चालायचा, आणि गाल टम्म सुजलेली माणसंही नंबर सोडून द्यायची. शेजारच्या दुकानातला शिंपी तर रोज येऊन बसायला लागला. डॉक्टरांनी त्याला पकडून तोंड उघडायला लावलं.

"तुझे दात तर धडधाकट आहेत!"

"हो ना," शिंपी म्हणाला. "म्हणून तर मला घाई नाही."

त्या दिवशी जेवताना डॉक्टरांनी विषय काढला. "दवाखाना म्हणजे काही तमाशा नाही. तू तिथे विनोद का करतेस?"

"मी कुठे करते? लोक विचारतात, मी उत्तर देते."

"घरी तर कधी बोलली नाहीस असं!"

"घरी तुमची मगर चालू असते. मध्ये कशी बोलू?"

डॉक्टरांनी मग मोठ्या मनाने तडजोड काढली. बोलायचंच असेल तर तिने त्यांचे विनोद सांगावेत. घरातला माल घरात राहील, आणि बाईमाणसाला तयार विनोद मिळाले तर तिचीही सोय होईल. बायकोने मान डोलावली.

गुरुवारी खुर्चीत शाळेतले पीटीचे सर होते. आडदांड माणूस, जबडा असा की शिट्टी एकदा दातांत धरली की सुट्टीलाच सुटायची. डॉक्टरांची दोन बोटं त्यांच्या मागच्या दाढेपाशी होती आणि कान बाहेर होते. बायको मगरीचा विनोद अगदी शब्दाला शब्द सांगत होती. मगर बाहेर आली. कोणी हसलं नाही. कवळी सापडली. बाहेर चिडीचूप.

हेच, डॉक्टर मनात म्हणाले. इतका चांगला विनोद, पण बाईच्या तोंडी गेला की संपला. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

तेवढ्यात बायकोचा आवाज आला. "हा डॉक्टरांचा विनोद आहे. इंजेक्शन दिलं की सुरू करतात. अडचण एवढीच, की मगर येईपर्यंत भूल उतरते."

बाहेर हशाचा स्फोट झाला. तो आत पीटीच्या सरांपर्यंतही पोचला, आणि हसू आवरायला म्हणून त्यांनी तोंड मिटलं. डॉक्टरांची बोटं आतच होती. एक निसटलं, दुसरं नाही. डॉक्टरांची किंकाळी ऐकून बाहेरचे आजोबा म्हणाले, "अहो, डॉक्टरांना दुखत नाही म्हणाला होतात ना?" आणि बाहेर पुन्हा हशा.

बायकोने धावत येऊन बोटाला पट्टी बांधली.

"हे तुझ्यामुळे झालं!"

"मी तर बाहेर होते."

"तेच म्हणतोय मी!"

पट्टी भली मोठी झाली. दोन दिवस दवाखाना बंद ठेवावा लागला, म्हणून डॉक्टर आरशासमोर उभे राहून संमेलनाची तयारी करत बसले. एकही नवा विनोद सुचेना. जे सुचत होतं ते सगळं बायकोच्या आवाजात सुचत होतं, आणि ते वापरायला मन धजत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी निघताना त्यांनी तिला बजावलं.

"तिथे एक शब्द बोलायचा नाही."

"मग मी काय करू?"

"नेहमीचं. हसायचं."

"बरं," ती म्हणाली.

हॉल भरलेला होता. पुरुष पुढे, त्यांच्या बायका मागच्या मोठ्या टेबलाभोवती, अशी दरवर्षीची रीत. डॉक्टरांनी पट्टी बांधलेल्या हातात माइक धरला आणि सुरुवात केली. पहिले दोन विनोद लोकांनी ओळखीखातर घेतले. तिसऱ्याला सुपात चमचे वाजायला लागले. आणि मागच्या टेबलावर, काही कारण नसताना, बायका खदखदून हसल्या.

झालं होतं ते साधंच. कोणीतरी तिला विचारलं होतं, नवऱ्याच्या बोटाला काय झालं? ती म्हणाली, "मला बोलायची बंदी आहे." त्या हसल्या. "खरंच," ती म्हणाली, "मी बोलले की माणसं चावतात." त्यानंतर तिने काहीही म्हटलं तरी टेबल हलत होतं.

डॉक्टरांनी ठेवणीतली मगर काढली. ती नदीतून बाहेर येईपर्यंत पुढच्या रांगेतले दोघे उठून मागे गेले. मग चौघे. मग कोणीतरी खुर्चीच उचलून नेली. शेवटी अध्यक्षही आपली ताटली घेऊन उठले आणि चोरपावलांनी मागच्या टेबलाकडे चालू लागले. डॉक्टरांसमोर राहिल्या रिकाम्या खुर्च्या आणि एक वाढपी, आणि वाढपीही मान वळवून मागेच बघत होता.

माइक गेला होता, आणि तो कोणा नव्या मुलाने नेला असता तर एक वेळ चाललं असतं. नेला बायकोने. तेही माइक न घेता! आठवडाभर दाबून ठेवलेला जळफळाट घशाशी आला आणि ते माइकमध्ये ओरडले.

"तुम्ही सगळे तिकडे का गेलात ते मला माहितेय! माझी बायको माझ्यापेक्षा विनोदी आहे!"

आणि मग जो हशा फुटला तसा त्या हॉलच्या भिंतींनी कधी ऐकला नसेल.

"हसू नका! खरं सांगतोय! पेशंट माझ्याकडे येतच नाहीत, तिच्याकडे येतात! दात न दुखणारा शिंपी रोज येऊन बसतो!"

लोक टेबलावर हात आपटायला लागले.

"हे बोट बघा! तिच्या विनोदाने गेलं हे! मी जळतोय हो! झोप लागत नाही मला!"

कोणाच्या तरी नाकातून सूप आलं. दंतवैद्यांचा सबंध हॉल तोंड उघडून हसत होता आणि डॉक्टरांना स्टेजवरून एकेकाच्या दाढा मोजता आल्या असत्या. लोकांना हा विनोद वाटतोय हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. खोटं कशाला सांगा, त्यांना आनंद झाला. एवढी दाद त्यांना जन्मात मिळाली नव्हती.

अध्यक्ष डोळे पुसत स्टेजवर आले. "याला म्हणतात विनोद! बायको विनोदी! कुठून सुचतं हो तुम्हाला? मंडळी, पुढच्या वर्षीही माइक यांच्याकडेच!" टाळ्यांचा कडकडाट झाला. "वहिनी, या, वर या. तुम्ही यांना सोसता, तुमचाही सत्कार करायला हवा. दोन शब्द बोला."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. बंदी उठली का, असं डोळ्यांनीच विचारलं. अध्यक्षांपुढे नाही कसं म्हणायचं? डॉक्टरांनी मान हलवली. ती माइकपाशी आली आणि सरळ चेहऱ्याने म्हणाली, "ते खरं बोलतायत."

जरा शांत होऊ लागलेला हॉल पुन्हा कोसळला. डॉक्टरांचा कान हशाच्या बाबतीत तयार होता. हा हशा त्यांच्यापेक्षा मोठा होता, आणि तिने तो तीन शब्दांत काढला होता. माइक वाचल्याचा आनंद तिथल्या तिथे आंबला.

अध्यक्षांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "वा! वहिनींना काय तयार केलंय तुम्ही! कधीपासून शिकवताय?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. समोरचे सगळे चेहरे हसायच्या बेतात होते. मी शिकवलं नाही म्हटलं तर हसणार. तिचं तिलाच येतं म्हटलं तर लोळणार. खरं बोलायला जागाच उरली नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांना ती फारशी शोधायचीही नव्हती. ते घसा खाकरून गंभीरपणे म्हणाले, "असंच, थोडं थोडं. घरी सराव करून घेतो."

यावर कोणीही हसलं नाही. हॉलने आदराने माना डोलावल्या. बरोबरच आहे, नवऱ्यानेच शिकवलं असणार.

फक्त बायकोच्या चेहऱ्याचं काहीतरी झालं. आठवडाभर जो जरासुद्धा हलला नव्हता तो आधी ओठांपाशी थरथरला, मग गालांपाशी सुटला, आणि ती हसायला लागली. भाजी चिरताना हसायची तसं नव्हे. माइकचा दांडा धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डॉक्टरांनी इतक्या वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"अगं, काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं. "यात हसण्यासारखं काय आहे?"

तिने हातानेच 'थांबा' अशी खूण केली आणि तिथेच स्टेजच्या पायरीवर बसली. अध्यक्षांनी पाणी मागवलं. ती पाणी प्यायची आणि नवऱ्याकडे बघून पुन्हा फुटायची.

घरी जाईपर्यंत डॉक्टरांनी 'घरी सराव करून घेतो' हे आपलं वाक्य मनातल्या मनात कितीदा तरी म्हणून पाहिलं. इतकं चांगलं काहीतरी आपण बोललो होतो, आणि पुढच्या वर्षी ते वापरायला हवं होतं, पण त्यात विनोद नेमका कुठे होता ते काही त्यांना सापडलं नाही.