पूर्ण पत्त्याची प्रार्थना

आमच्या शमुवेलकाकांची जेवणाआधीची प्रार्थना सुरू झाली तेव्हा टेबलावरची केळी हिरवी होती. आमेन झालं तेव्हा ती पिकली होती. ही ज्याला अतिशयोक्ती वाटते तो काकांकडे कधी जेवला नाही. आमच्या मांजरीने तर एकदा त्या अवधीत वाटीभर बोंबील संपवले, मिशा पुसल्या आणि पुन्हा डोळे मिटून भाविकपणे बसली.

एवढा वेळ जायचा तो पत्त्यांत. काका उभा जन्म पोस्टमन. "पत्ता अर्धवट असला की पत्र परत येतं, प्रार्थनेचंही तेच," असं त्यांचं तत्त्वज्ञान. मग देवाशी बोलणं असं व्हायचं: "हे स्वर्गीय बापा, शांताबाई माळी, गंगापूर रोड, झेंडूच्या मळ्यात विहिरीजवळचं पत्र्याचं घर. गुडघा. उजवा."

"काका, देवाला ठाऊक नसतं का?"

"असतं रे. पण नाशकात शांताबाई माळी किती? भलतीचाच गुडघा बरा व्हायचा!"

एकदा म्हणे त्यांनी घर एका दाराने चुकवलं, तर नोकरी शेजारच्या पोराला लागली. हे काका शपथेवर सांगत नसत, बायबलात मनाई आहे. पण चेहरा शपथेचाच असायचा.

बरं, आमेन झालं म्हणून जेवायला मिळेल असंही नव्हतं. अर्ध्या पातेल्याचा डबा भरायचा आणि काका सायकलवर टांग टाकून त्याच पत्त्यावर रवाना! "पेटीत टाकून भागत नाही, विनू. पोचवायला माणूस लागतो." शांताबाईंच्या गुडघ्याला आमच्या घरच्या मटणाचा रस्सा इतक्यांदा पोचला की ती म्हातारी मळ्यात पळायला लागली. मी मात्र वाळत चाललो होतो.

मी कळवणहून कॉलेजसाठी नाशकात शरणपूरला काकांकडे आलो आणि काकू वारल्यावर तिथेच राहिलो. घरात आम्ही दोघंच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला सटाण्याचं एक स्थळ सांगून आलं. मुलगी छान, तिचे वडील मास्तर, आणि माझं बी.कॉम. झाल्याचं मी त्यांना आगाऊच कळवून ठेवलेलं. मंडळी जेवायला बसली. काकांनी डोळे मिटले.

"हे दयाळू बापा, विनय दाऊद पगारे, याच घरी, माडीवरची खोली. शेवटच्या वर्षाला दोनदा आपटलाय. सिगारेटचं पाकीट पाण्याच्या टाकीमागे ठेवतो, डाव्या बाजूला. त्याला बळ दे."

मी एक डोळा उघडला. मास्तरांचे दोन्ही उघडे होते.

जाताना ते म्हणाले, "प्रार्थना झ्याक झाली, पाव्हणं. माहिती लय मिळाली."

पाहुणे वळणापार जायच्या आत मी कडाडलो, "माणसांसमोर काय बोलायचं ते कळत नाही तुम्हाला?"

काका गोंधळून म्हणाले, "मी त्यांच्याशी बोलतच नव्हतो रे."

मी ट्रंक उचलली आणि देवळाली कॅम्प गाठलं. गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात कामाला लागलो, बाजाराच्या मागे खोली घेतली. कॅम्पात आहे एवढंच कळवलं, पत्ता मुद्दामच नाही. पोस्टमनला याहून मोठी शिक्षा कोणती?

तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर काका. घामाने निथळलेले, हातात डबा.

"मी परत येणार नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"न्यायला कोण आलंय? खोली नंबर सांग."

"कशाला?"

"तीन महिने 'कॅम्पात कुठेतरी' म्हणून पाठवतोय. पोचलं का काही?"

चर्च सुटलं की सायकल काढायची आणि कॅम्पातली एकेक गल्ली विचारत फिरायचं, असे सहा रविवार झाले होते. मी नंबर सांगितला. नऊ. त्यांनी मान डोलावली, डबा उघडला आणि डोळे मिटले. खोली नऊ, हातपंपासमोर, निळं दार, इथपासून सुरुवात. मग शांताबाई, मग अख्खं नाशिक. रश्शावर तूप गोठलं. मी आमेनची वाट बघत होतो, पण ते येईना.

"आणि बापा," काकांचा आवाज एकदम बारीक झाला, "शमुवेल पगारे. शरणपूर, चर्चमागची गल्ली, पेरूचं झाड. ताटं अजून दोनच मांडतो."

इतक्या वर्षांत हा पत्ता मी प्रार्थनेत पहिल्यांदाच ऐकला. पुढचं त्यांना सुचेना. शेवटी आमेन मीच म्हणालो.

गार रस्सा आम्ही दोघांनी बोटं चाटत संपवला. मी ट्रंक भरली, सायकलच्या कॅरिअरला बांधली. काका हातपंपापर्यंत आले आणि थबकले.

"आता काय राहिलं?"

"घरमालकाला विचारून ये, या खोलीत पुढे कोण येणार," काका म्हणाले. "नाव तेवढं आण. पत्ता आता पाठ झालाय."