दस्तगीरभाईंच्या पाठीवरच्या माश्या

दस्तगीरभाई रोज सकाळी पिवळा रेनकोट घालून, त्याला पाठीपोटी एरंडेल चोपडून आपल्या कलिंगडाच्या प्लॉटात फेरी मारायचे. पावसाचा पत्ता नसायचा. मार्चच्या उन्हात भाई घामाने निथळत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, दर दहा पावलांवर वाकून वेल हलवायचे, आणि शेवटी बांधावर येऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे.

"आबा, मोजा."

मोजायच्या त्या पांढऱ्या माश्या. तांदळाच्या कणीहून बारीक. पिवळ्या रंगावर झेपावतात आणि तेलाला चिकटतात. रोगट वेलाचा रस पिऊन माशी चांगल्या वेलावर बसली की व्हायरस तिकडे जातो. मग पानं आकसतात, फळं वाकडी होतात, आणि त्यावर औषध नाही. म्हणून पाठीवर वीसच्या वर माश्या दिसल्या की त्याच दिवशी फवारणी, हा भाईंचा नेम. बाकीचे लोक पिवळे सापळे काठीला टांगतात. भाई म्हणायचे, "काठी जागची हलती का? माशी काय तिला भेटाया येणार हाय?" वेल हलवून पुढे गेलं की माशी मागून उठते, म्हणून खरा आकडा पाठीचा. वडगाव रासाईत आमचे बांध लागून, तेव्हा पाठ माझ्याकडे. मोजून झालं की फडक्याने पुसायचं कामही माझंच.

गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं आणि हसायचं. माझा पुतण्या हळदीच्या अंगाने फोटो काढायला त्यांच्या कलिंगडात शिरायला गेला, तर भाई बांधावर आडवे उभे. "नवरदेव, आदी आंघूळ करून या. तुमच्या हळदीवर बसून माशी माझ्या रानात यायची." पुतण्या म्हणाला, "चाचा, आज माझं लगीन हाय." भाई म्हणाले, "लगीन परत करता येतं. कलिंगड गेलं का गेलं."

"पानाचं पोट बघा, पाठ सगळ्यांचीच हिरवी असती," हे त्यांचं पालुपद. टपरीवर विड्याचं पानसुद्धा उलटं करून बघायचे. पण हे हसणं वरवरचं होतं. दुसऱ्याच्या प्लॉटात भाई एखाद्या वेलापाशी उकिडवे बसले आणि लवकर उठले नाहीत, की मालक हातातलं काम टाकून धावत यायचा.

ती भीती मलाही होती. सात वर्षांपूर्वी माझ्या काकडीची पानं आकसायला लागली. मी तेव्हा सोसायटीचा चेअरमन. रोग आबांच्या रानातून पसरला, असं नाव होईल या भीतीने मी कुणाला बोललो नाही. भाई दोन दिवस वरवंडला लेकीकडे, परवीनकडे, तिचं खरबूज बघायला गेले होते. त्यांनी शंभरदा सांगितलेलं, "आदी माशी मारा, मग येल उपटा. जित्या माशीचं घर मोडलं तर ती शेजारी जाती." पण फवारणी केली असती तर लोकांनी विचारलं असतं. मी मजूर लावून एका सकाळीत सगळी काकडी तशीच उपटली. वारं भाईंच्या रानाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी भाई बांधावर आले. "काकडी का काढली वो?"

"म्हातारी झालती."

"माशी मारली व्हती नव्हं?"

"व्हय."

ते वळले. "मोजा."

पाठ पांढरी झाली होती. चाळीसपर्यंत मोजलं आणि थांबलो. खरं सांगितलं तर माशी आली कुठून, हा पुढचा प्रश्न होता.

"चार," मी म्हणालो, आणि घाईने फडकं फिरवलं.

"चारच? बरं झालं. तुमचं डोळं हायेत म्हणून माझं रान हाय, आबा."

त्यांनी फवारणी केली नाही. पंधरवड्यात त्यांचं सगळं कलिंगड आकसलं. उपटण्याआधी मात्र त्यांनी माशी मारली, माझ्या नव्या दोडक्यावर जाऊ नये म्हणून. पारावर लोक म्हणाले, "डॉक्टरचाच पेशंट दगावला." मीही हसलो.

भाईंनी मग ऊस लावला. कुणाच्या प्लॉटात पाऊल टाकीनासे झाले. गावाला वाटलं, मान दुखावला. मला बरंच वाटलं, पण ते बांधावर नुसते खाकरले तरी मी रानाच्या दुसऱ्या टोकाला निघून जायचो.

तीन दिवसांपूर्वी माझ्या काकडीवर पिवळे डाग दिसले. राहवेना, म्हणून त्यांना हाक मारली. ते बांधापाशी थांबले.

"आत या की, भाई."

"नको. पान तोडून आणा. लांबनंच दावा."

मी पान नेलं, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"धरा की हातात."

"माझं हात चांगलं न्हाईत, आबा." हात तसेच मागे ठेवून म्हणाले, "तवा पाठीवर चारच माश्या व्हत्या. मग व्हायरस आला कुठनं? परवीनच्या येलांचा रस लागल्या हातानं मी तसाच माझ्या रानात शिरलो. तवापास्नं कुणाच्या पिकाला शिवत न्हाई."

मग मी सांगितलं. उपटलेली काकडी, वारं, चाळीसच्या पुढच्या माश्या, फडकं, सगळं सांगितलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी परवीनच्या रानात रोग नव्हता?"

"न्हाई, भाई. रोग माझ्या रानातला."

"मी तिला बोललो व्हतो. तुझ्या रानातनं आणलं म्हणून. तवापास्नं ती मला रस्त्यावरच येऊन भेटती. आत ये म्हणत न्हाई, आन् मी बी जात न्हाई."

माझ्याकडे न बघता ते घराकडे चालू लागले. पान माझ्या हातातच राहिलं. थोड्या वेळाने त्यांची मोपेड वरवंडच्या बाजूला गेली.

ते आल्यावर मला काय म्हणतील, या भीतीने मी रोज सकाळी बांधावर जाऊन बसतो. आज तिसरा दिवस. अजून आलेले नाहीत. पोरीने ठेवून घेतलं असावं.